बिलाच्या खिडकीतून : इकडचं हॉस्पिटल, तिकडचं हॉस्पिटल

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अमेरिकेत फिरायला जावं, आजारी पडायला जाऊ नये, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादक म्हणाले या वेळी दुसरे प्रश्न घेऊच नका. निम्मे लोक म्हणतात अगदी बरोबर, निम्मे माझ्यावर चिडलेत. नवीन वाचकांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात २६ वर्षं बिलिंगच्या खिडकीमागे बसले आणि रिटायर झाल्यापासून लेकीकडे न्यूजर्सीला जाऊन-येऊन असते. त्यामुळे कुठली गोळी घ्यावी ते मला विचारू नका, बिल कुठून आणि का येतं ते विचारा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ६८, मिसेस ६४. मुलगा न्यूजर्सीला आहे, सुनेचं बाळंतपण आहे म्हणून सहा महिन्यांसाठी जायचंय. मला बीपी आणि शुगर, हिला थायरॉइड. मुलगा म्हणतो तिकडचा इन्शुरन्स घेऊ, इथला एजंट म्हणतो इथला स्वस्त पडेल, आणि शेजारचे म्हणतात आम्ही दोनदा इन्शुरन्सशिवाय जाऊन आलो, काही होत नाही. काय करावं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : काका, शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा पण त्यांचं ऐकू नका. त्यांचं नशीब चांगलं होतं, बाकी काही नाही.

आधी आमचीच गोष्ट सांगते. पहिली ट्रिप, दुसराच आठवडा, रात्री दोन वाजता ह्यांच्या कमरेतून अशी कळ निघाली की माणूस जमिनीवर गडाबडा लोळायला लागला. लेकीने गाडी काढली आणि सरळ इमर्जन्सी रूम गाठली. आता मी ज्या खिडकीत जन्म काढला तिथे पहिलं वाक्य असायचं "डिपॉझिट किती भरताय?", आणि इथे कोणी पैशाचं नावच काढेना. नाव, जन्मतारीख, लगेच सलाइन, दुखण्याचं इंजेक्शन, सीटी स्कॅन, निदान मुतखडा, आणि पहाटे साडेसहाला आम्ही घरी. मी लेकीला म्हटलं बघ, किती माणुसकी आहे या लोकांत. ती काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी पाकिटं यायला लागली. एक हॉस्पिटलचं, एक तिथल्या डॉक्टरांच्या ग्रुपचं, आणि एक सीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं, ज्याचं तोंडही आम्ही पाहिलं नव्हतं. सगळं मिळून ८,९०० डॉलर. पुण्यात हेच नाइट चार्जेस धरून पंधरा-वीस हजार रुपयांत झालं असतं.

मला वाटलेली माणुसकी म्हणजे तिथला १९८६ चा कायदा. इमर्जन्सीत आलेल्या माणसाकडे पैसे आहेत की नाहीत हे न बघता त्याला तपासून त्याची तब्येत स्थिर करावीच लागते. पण फुकट करा असं त्या कायद्यात कुठेही नाही, बिल मागून येतं. आपल्याकडे आधी पैसे आणि मग उपचार, तिकडे आधी उपचार आणि मग रात्रीची झोप उडवणारं पाकीट.

आता इन्शुरन्सचं. आम्ही घेतला होता तो "फिक्स्ड" प्रकारचा, स्वस्त होता म्हणून. म्हणजे इमर्जन्सीच्या एका व्हिजिटला अमुक डॉलर, स्कॅनला तमुक डॉलर, बिल कितीही येवो. त्यातून जेमतेम हजारभर डॉलर सुटले. "कॉम्प्रिहेन्सिव्ह" म्हणतात त्यात आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरायचं आणि मग पुढच्या बिलाचे ठरलेले टक्के कंपनी देते, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. प्रीमियम जास्त असतो पण घ्यायचाच तर हा घ्या. कंपनी इकडची की तिकडची हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्याचं उत्तर ब्रोशरमध्ये नाही, पॉलिसीच्या बारीक अक्षरात असतं. तिथे एकच गोष्ट शोधा, आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलंय. तुमचं बीपी आणि शुगर हे आधीचे आजार. बऱ्याच पॉलिसीत "अ‍ॅक्यूट ऑनसेट" असा शब्द असतो, म्हणजे काही पूर्वसूचना नसताना अचानक उद्भवलं आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले तरच पैसे मिळणार. दोन दिवस छातीत जड वाटत होतं, मुलाला कशाला त्रास म्हणून बोललो नाही, असं जर तुम्ही डॉक्टरला सांगितलंत आणि त्याने ते लिहून ठेवलं तर क्लेम गेलाच समजा. आपल्या पिढीची ही सहन करायची सवय तिकडे फार महाग पडते. आणि रूटीन चेकअप, गोळ्यांचा रिफिल, दात, यातलं काही धरू नका.

आणखी एक, ६५ नंतर अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी विमा, मिळतं असं कोणीतरी सांगेल. ते व्हिजिटर व्हिसावाल्यांना नाही. ग्रीनकार्ड असलं आणि तिथे नोकरी केलेली नसली तर पाच वर्षं सलग राहावं लागतं, मग स्वतःचे पैसे भरून घेता येतं.

गोळ्या इथून न्या. साधारण ९० दिवसांच्या नेता येतात, मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. उरलेल्या नंतर चिठ्ठीची आणि व्हिसाची कॉपी जोडून मागवता येतात. हे मी उगाच सांगत नाही, शुगरसाठी इथे सर्रास देतात ती ग्लिक्लाझाइड आणि विल्डाग्लिप्टिन अमेरिकेत मंजूरच नाहीत, फार्मसीवाला तुमच्याकडे नुसता बघत बसेल. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन होतं आणि दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल होतं अल्ब्युटेरॉल.

ताप-खोकला, पाय मुरगळणं यासाठी इमर्जन्सीत जाऊ नका, "अर्जंट केअर" म्हणून छोटी क्लिनिकं असतात, तिथे दीड-दोनशे डॉलरमध्ये भागतं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर मात्र एका सेकंदाचाही हिशेब न करता ९११. आणि बिल आलंच तर लगेच भरू नका. लेकीने फोन करून आधी ओळीनुसार बिल मागवलं, मग सांगितलं की आम्ही खिशातून भरणार आहोत, कमी करा. चाळीस टक्के उतरलं, बाकीचे हप्ते करून दिले. मी २६ वर्षांत इतकी सूट कोणाला दिली नाही!

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला एमएससी करतोय. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्जचे एवढे पैसे एकदम भरले. फुटबॉल खेळताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं, जीपीने (तिथल्या फॅमिली डॉक्टरने) पुढे पाठवलं तर ऑर्थोपेडिकची तारीख पाच महिन्यांनंतरची आणि ऑपरेशन त्याच्याही पुढे. पैसे घेऊन वर असं थांबवतात म्हणजे ही फसवणूकच नाही का? त्याला इकडे बोलावून घेऊ का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, राग येणं साहजिक आहे पण फसवणूक नाही म्हणता येणार. तुम्ही भरला तो सरचार्ज स्टुडंटसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे, नोकरीवाल्यांना १,०३५. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाढवला, आधी ४७० आणि ६२४ होता. त्या बदल्यात तुमचा मुलगा आणि तिथला जन्मलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात. आणि खरी अडचण ती रांगच आहे.

एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झालं तेव्हापासूनचं तत्त्व असं की दारात पैसे मागायचे नाहीत. मग गर्दी कशाने आवरायची, तर वेळेने. कोणाचा आजार किती गंभीर यावर नंबर. हार्ट अटॅक आला असता तर त्याला त्याच रात्री आत घेतलं असतं आणि एक पेनी मागितली नसती. पण २२ वर्षांच्या पोराचा गुडघा, जो चालू शकतो, तो मागे जातो. सरकारी उद्दिष्ट आहे १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं, १०० पैकी ९२ पेशंटना. २०१६ पासून ते गाठलेलं नाही आणि आता वेटिंग लिस्टचा आकडा सत्तर लाखांच्या वर असतो. तुमचा मुलगा एकटा नाही हो त्यात.

इंग्लंडमध्ये जीपी पुढे पाठवतो तेव्हा पहिल्या अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क पेशंटला असतो, हे तिथल्या बऱ्याच स्टुडंटना माहीत नसतं. घराजवळचं हॉस्पिटल आपोआप मिळतं आणि ही मुलं ते मुकाट घेतात. त्याला सांगा, जीपीच्या रिसेप्शनला विचार की तासाभराच्या अंतरावर कुठे कमी वेटिंग आहे. फिजिओथेरपीला बऱ्याच भागात जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव घालता येतं, ते तर त्याने आजच घालावं, कारण ऑपरेशन कुठेही झालं तरी त्याआधी मांडीचे स्नायू तयार लागतातच.

इकडे आणायचं की नाही? पुण्या-नाशकात हे ऑपरेशन दीड ते अडीच लाखांत होतं, रूमप्रमाणे, आणि आठवड्याभरात तारीख मिळते. लंडन-मँचेस्टरला प्रायव्हेटमध्ये सहा हजार पौंडांच्या पुढे. म्हणजे तिकीट धरूनही इकडे स्वस्त. पण एक गोष्ट बिलात दिसत नाही, लिगामेंटनंतर सहा ते नऊ महिन्यांचा व्यायाम असतो आणि सर्जन इथे नि गुडघा तिथे असा तो होत नाही. शिवाय ऑपरेशननंतर लगेच लांबचा विमानप्रवास नको, पायात गुठळी व्हायची भीती असते, किती दिवस थांबायचं ते सर्जनच सांगेल. उन्हाळ्याची मोठी सुट्टी असेल आणि तो दोन-अडीच महिने सलग इथे राहणार असेल तर बोलवा. पंधरा दिवसांसाठी असेल तर मी माझ्या मुलाला बोलावलं नसतं.

आणि हो, तुम्ही स्वतः त्याला भेटायला व्हिजिटर व्हिसावर गेलात तर तुम्ही त्या रांगेत नाही. इमर्जन्सीत तपासणं फुकट, पण अ‍ॅडमिट केलं की व्हिजिटरला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. तेव्हा इन्शुरन्स काढूनच जा.

प्रश्न : मुलगी स्टुटगार्टला नोकरीला लागली. पगाराची स्लिप पाठवली तर हेल्थ इन्शुरन्सचे एवढे युरो कापलेले की आम्हाला धक्काच बसला. ती तर कधी आजारीच पडत नाही. प्लॅन बदलता येईल का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सर, जर्मनीत हे टाळता येत नाही, तिथे १८८३ पासून चालू आहे, चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळापासून. पगाराच्या १४.६ टक्के, वर त्या-त्या विमासंस्थेचा थोडा जास्तीचा टक्का, आणि त्यातलं निम्मं कंपनी भरते. पगार वाढला की कपात वाढते (एका मर्यादेपर्यंत), आजार वाढला की वाढत नाही, ही त्यातली गंमत. फार तर ती विमासंस्था बदलू शकेल, तेवढ्या जास्तीच्या टक्क्यात थोडाफार फरक पडतो. मग मिळतं काय, तर हॉस्पिटलात राहायचे दिवसाला १० युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवसांचे. चिठ्ठीवरच्या औषधाला ५ ते १० युरो. आजारी पडली तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार. लग्न झालं आणि नवरा कमावत नसेल तर तो आणि मुलं फुकटात त्याच विम्यात. आईवडील मात्र नाहीत, तेव्हा तुम्ही दोघं जाल तेव्हा तुमचा तुम्ही काढा, तसाही शेंगेन व्हिसाला तो लागतोच.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला रक्ताचा कॅन्सर आहे, इमॅटिनिब चालू आहे. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो तिकडे ही गोळी फार महाग होती, तुमच्याकडची स्वस्त म्हणजे डुप्लिकेट असणार. आम्ही घाबरलोय. (एक वाचक, लातूर)

उत्तर : दादा, गोळी बिलकुल बंद करू नका, हे पहिलं. स्वस्त आहे ती वेगळ्या कारणाने आणि त्या कारणाचा आपल्याला खरं तर अभिमान वाटायला हवा.

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट न देता फक्त ते बनवायच्या पद्धतीवर दिलं. म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवलं तर चालायचं, आणि आपले केमिस्ट त्यात पटाईत निघाले. २००५ पासून जागतिक व्यापाराच्या नियमांमुळे औषधावरही पेटंट द्यावं लागलं, पण कायद्यात कलम ३(ड) घालून ठेवलं, जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही असं. नोव्हार्टिस कंपनी याच तुमच्या इमॅटिनिबसाठी, म्हणजे त्यांच्या ग्लिव्हेकसाठी, सुप्रीम कोर्टात गेली आणि १ एप्रिल २०१३ ला हरली. कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती, इथली जेनेरिक आठ-दहा हजारांत. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०१२ मध्ये, किडनी-लिव्हरच्या कॅन्सरवरचं नेक्सावार बनवायचं सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची परवानगी नसली तरी) सरकारने हैदराबादच्या नॅटको कंपनीला दिलं, २ लाख ८० हजारांचं महिन्याचं औषध ८,८८० वर आलं. आणि त्याच्याही आधी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बाहेर दहा हजार डॉलरच्या वर पडायची.

आतेभावाला हेही सांगा की त्यांच्या सरकारी मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भावच करायला कायद्याने बंदी होती. २०२२ मध्ये ती उठवली आणि घासाघीस करून ठरवलेल्या पहिल्या दहा औषधांचे दर लागू व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. आपली मंडईतली बाईसुद्धा भाव केल्याशिवाय कोथिंबीर घेत नाही!

फक्त दोन गोष्टी करा. बिल घेऊन, ओळखीच्या मेडिकलमधूनच घ्या आणि बॅच नंबर बघा. आणि कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा, ठरलेल्या तारखांना रक्ताची तपासणी चुकवू नका, गोळी लागू पडतेय की नाही हे त्यातच कळतं, आतेभावाला कळत नाही.

प्रश्न : तुम्ही दर वेळी इकडचं कौतुक करता. कॅनडात सगळं फुकट आहे, इथे नुसती लूट. आमच्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीला शेत गहाण टाकावं लागलं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा राग मी अंगावर घेते, कारण तशी माणसं माझ्या खिडकीसमोर रोज उभी असायची. एक आजोबा आठवतात, पाटल्या रुमालात बांधून आणल्या होत्या आणि विचारत होते, इथेच जमा करायच्या का. मी त्यांना समोरच्या सराफाकडे पाठवलं, दुसरं काय करणार होते.

आपल्या देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातले अजूनही जवळपास ४० टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरतात (२०२१-२२ चा सरकारी हिशेब), आणि तेही नेमके आजारपणातच. जर्मनीत पगारातून गेलेले असतात, इंग्लंड-कॅनडात करातून. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात तिथले पुढारी टॉमी डग्लस यांनी बसवलेली सरकारी आरोग्य योजना १९६२ मध्ये सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता, सहज झालेलं नाही ते. पण "सगळं" फुकट नाही. डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट. घरी घ्यायची औषधं, दात, चष्मा हे बहुतेकांना नोकरीच्या विम्यातून नाहीतर खिशातून. आणि फॅमिली डॉक्टर मिळायलाच लोक महिनेन्‌ महिने थांबतात.

अँजिओप्लास्टीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटचे (रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचे) दर बांधले, औषध लावलेला स्टेंट साधारण ३० हजारांच्या आत आला, आधी लाख-दीड लाख सहज लावायचे. मी तेव्हा खिडकीतच होते. बिलावरची स्टेंटची ओळ एका रात्रीत उतरली आणि पुढच्या काही महिन्यांत खालच्या ओळी, कॅथलॅब, बलून, कन्झ्युमेबल, हळूहळू चढल्या. त्यामुळे पुढच्या वेळी (ती न येवो) नुसता पॅकेजचा आकडा ऐकू नका, पॅकेजच्या बाहेर काय आहे ते लेखी मागा. आणि महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालतं, मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख. अ‍ॅडमिट होताना आधी "आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) कुठे बसतात" हे विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवाव्याच लागतात, पण तिथेही मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. आम्हीही सांगत नव्हतो. खरं ते लिहिते.

प्रश्न : मी दुबईत नोकरीला. आई ७३, रत्नागिरीजवळ गावी एकटी. तिला इकडे आणायचं तर इन्शुरन्सचा आकडा ऐकूनच गप्प बसलो. भारतात या वयात कोणी मेडिक्लेम देईल का?

उत्तर : दुबईत विमा नसेल तर व्हिसाच रिन्यू होत नाही, आणि सत्तरीपुढच्या माणसाचा प्रीमियम तिथे अवाच्या सवा असतो, तुम्ही गप्प बसलात यात नवल नाही. इकडे २०२४ पासून ६५ ची अट गेली आहे, कंपन्या अजूनही नाही म्हणू शकतात, पण या वयासाठी प्रॉडक्ट आहेत. आधीच्या आजारांसाठीचं वेटिंग आता जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि सप्टेंबर २०२५ पासून प्रीमियमवरचा जीएसटीही गेला. रूम रेंटची मर्यादा असलेली पॉलिसी तेवढी घेऊ नका, वरच्या रूममध्ये गेलात की नुसतं भाडं नाही, डॉक्टरांच्या फीसारख्या रकमाही त्या प्रमाणात कापल्या जातात आणि मग लोक खिडकीवर येऊन आमच्याशी भांडतात.

पण त्याआधी आईंचं वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार केंद्राच्या आयुष्मान योजनेतल्या हॉस्पिटलात फुकट. मेडिक्लेम असला तरी चालतं. रत्नागिरीत योजनेतलं कुठलं हॉस्पिटल आहे आणि तिथे हार्टचं नि हाडांचं काय-काय होतं हे १४५५५ वर आधीच विचारून घ्या, रात्री दोन वाजता शोधत बसू नका. कार्डाला आधार लागतं आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर कोणाचा आहे ते बघा आधी, कारण बऱ्याचदा मुलाने जाताना स्वतःचाच दिलेला असतो आणि आई सेतू केंद्रात बसलेली असते, फोन दुबईत ऑफिसच्या लॉकरमध्ये वाजत असतो.